पावती फाडण्याआधी: संस्था खरी की खोटी, कसं तपासायचं

मी एका सीएंच्या ऑफिसात ट्रस्टची ऑडिटं बघते. त्यामुळे नात्यात, सोसायटीत किंवा शाळेच्या जुन्या ग्रुपवर कुणाच्याही दारात पावतीपुस्तक घेऊन माणूस आला, की त्याचा फोटो आधी मला येतो. "ताई, हे खरं आहे का गं?" सोबत नोंदणी प्रमाणपत्र, तेही लॅमिनेट केलेलं, आणि नंबर नेमका ट्यूबलाइटच्या चमकेखाली गेलेला.

मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आधी विचारते, पैसे कुणाच्या नावावर मागतायत? कारण नोंदणी प्रमाणपत्रातून एवढंच कळतं, की या नावाची संस्था कधीतरी कुणीतरी नोंदवली होती. ती आज चालू आहे का, दारात उभा असलेला माणूस तिचाच आहे का आणि पैसे तिच्याच खात्यात जाणार का, हे त्या कागदावर नसतं. म्हणून माझी पद्धत साधी आहे. एकच नाव चार ठिकाणी जुळवायचं: सरकारी नोंदीत, पॅनवर, बँक खात्यावर आणि पावतीवर. अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एकीकडे "प्रतिष्ठान", दुसरीकडे "फाउंडेशन" आणि तिसरीकडे "सेवा ग्रुप" असं असेल तर त्या कदाचित तीन वेगळ्या संस्था असतील, किंवा एकही नसेल.

नंबर वाचायला शिका

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीला एक अक्षर आणि शेवटी जिल्हा असतो. "ई" असेल तर विश्वस्तपत्र करून स्थापलेला धर्मादाय ट्रस्ट. "एफ" असेल तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही नोंदलेली संस्था. अशा संस्थेकडे दोन प्रमाणपत्रं असतात, एक "महाराष्ट्र" आणि वर्ष घातलेल्या क्रमांकाचं आणि दुसरं "एफ"चं. एकच दाखवत असतील तर दुसरं मागा. "ए" हिंदू धार्मिक संस्थांसाठी असतं. देवस्थान ट्रस्ट शाळा चालवू शकतो, त्यात वावगं काही नाही. पण माणूस कर्करुग्णांसाठी पैसे मागत असेल आणि क्रमांक "ए"चा असेल, तर दोन प्रश्न जास्त विचारायला हरकत नाही. दर्गा, मशीद किंवा त्यांच्या मिळकतीशी जोडलेली संस्था असेल तर नोंद वक्फ मंडळाकडे बघायची. त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

हा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर टाकून बघता येतो. तिथे नाव सापडलं नाही तर लगेच "खोटी" म्हणू नका, जुन्या नोंदींत स्पेलिंगचे घोटाळे भरपूर असतात. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्याला सगळे "शेड्यूल वन" म्हणतात. ठरलेली फी भरून नक्कल मिळते. त्यात संस्थेचं नाव, पत्ता, विश्वस्तांची नावं, मिळकत हे सगळं असतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, नाहीतर चांगल्या संस्थेवर उगाच शिक्का बसेल. उताऱ्यातले दोन विश्वस्त वारलेले निघाले आणि आजच्या अध्यक्षांचं नावच नसलं, असं सर्रास होतं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. तो दिलेला असतो, पण मंजुरी वर्षानुवर्षं लटकलेली असते. अशा वेळी विचारा, "चेंज रिपोर्टचा अर्ज क्रमांक काय?" खरी संस्था वैतागलेल्या आवाजात का होईना, क्रमांक आणि तारीख पटकन सांगते, कारण ते दुखणं तिला पाठ असतं. अर्जच दिलेला नसेल तर मात्र थांबा.

कंपनीच्या रूपातल्या संस्थाही असतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालच्या. यांचं तपासणं सगळ्यात सोपं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मास्टर डेटा फुकट दिसतो. कंपनीचा एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक असतो, त्यात मध्ये "एनपीएल" ही तीन अक्षरं हवीत. "पीटीसी" दिसलं तर ती साधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, नावात सेवा, करुणा काहीही असो.

आणि "नीती आयोग मान्यताप्राप्त" हे शब्द दिसले तर प्रभावित होऊ नका. नीती आयोगाचं एनजीओ दर्पण नावाचं पोर्टल आहे. त्यावर संस्था स्वतःच स्वतःची माहिती भरते आणि क्रमांक मिळवते. तो क्रमांक असणं चांगलं, सरकारी अनुदानासाठी तो लागतोही. पण आयोगाने येऊन काम बघितलं आणि शाबासकी दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. लेटरहेडवर अशोकस्तंभाची मुद्रा छापलेली असेल तर तिथेच सोडून द्या. खासगी संस्थेला ती वापरायला २००५ च्या कायद्याने बंदी आहे, आणि जी संस्था पहिल्याच कागदावर सरकारी असल्याचा आव आणते ती पुढेही आणणार.

पॅन, ८०जी आणि "कायमस्वरूपी" प्रमाणपत्र

पॅनमधलं चौथं अक्षर बघा. संस्थेचं पॅन असेल तर तिथे बहुधा "टी" असतं, कंपनीला "सी", काही सोसायट्यांना "ए". "पी" असेल तर ते एका माणसाचं वैयक्तिक पॅन आहे आणि पावतीवर त्याचं काही काम नाही.

८०जी म्हणजे देणगीदाराला करात सवलत मिळते ती मान्यता. लोकांना वाटतं ८०जी आहे म्हणजे संस्था चोख. तसं नाही, तरी ही मान्यता तपासण्यासारखी आहे, कारण तिला मुदत असते. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या संस्थांना नव्याने नोंदणी घ्यावी लागली. त्याआधीची "कायमस्वरूपी" म्हणून दिलेली प्रमाणपत्रं तेव्हा निकालात निघाली. तरी ती फ्रेम करून लावलेली मी अजून बघते. नव्या मान्यतेच्या आदेशावर एक युनिक नोंदणी क्रमांक असतो, सुरुवातीची दहा अक्षरं म्हणजे संस्थेचं पॅनच. पावतीवरचं पॅन आणि या क्रमांकातलं पॅन वेगळं निघालं तर कुणीतरी दुसऱ्याचा कागद चिकटवला आहे. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत मान्यता आहे, तेही त्याच आदेशात लिहिलेलं असतं. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांची यादी आहे, त्यात पॅन टाकून पडताळता येतं.

२०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. बोलताना मात्र सगळे "८०जी"च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

जाता जाता: रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिली तर त्यावर ही सवलत मिळत नाही, आणि तांदूळ, कपडे, वह्या अशा वस्तू दिल्या तर मुळीच नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीचा उपयोगच नाही. "साहेब, दहा हजार कॅश द्या, आम्ही पूर्ण ८०जीची पावती देतो" असं म्हणणाऱ्याला एकतर नियम माहीत नाही, किंवा माहीत असून तो तुम्हाला खोट्या पावतीत ओढतो आहे. दोन्हींत नुकसान तुमचं.

खातं कुणाचं?

यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं. तिथे थांबून ते नाव मोठ्याने वाचा. संस्थेचं पूर्ण नाव नसेल, माणसाचं नाव असेल, तर कारण काहीही सांगितलं तरी पैसे पाठवू नका. "संस्थेचं खातं तांत्रिक कारणाने बंद आहे, अध्यक्षांच्या खात्यावर टाका" हे कारण मी फार वेळा ऐकलं आहे. कधी कधी ते खरंही असतं! विश्वस्तांमध्ये दोन गट पडतात, दोघेही बँकेला पत्रं देतात, बँक खातं गोठवते. मग दोन्ही गट वेगवेगळी पावतीपुस्तकं छापून फिरतात, दोन्हींवर नोंदणी क्रमांक तोच, खराखुरा. संस्था खरी, भांडण खरं आणि तुमचे पैसे कुठल्या खिशात गेले हे कुणालाच माहीत नाही. अशा संस्थेला निकाल लागेपर्यंत काही देऊ नये, कितीही जुनी असो.

उलट प्रकारही आहे: नाव मोठ्या, नावाजलेल्या संस्थेचं आणि क्यूआर कोड भलत्याचा. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला. त्याच्या यूपीआय आयडीतला "केअर्स"च्या शेवटचा एकच "एस" गाळून दुसरा आयडी लोकांत फिरला आणि दिल्ली पोलिसांनी तो बंद करायला लावला. एका अक्षराचा फरक घाईत कुणाला दिसतो? म्हणून मेसेजमधल्या क्यूआर कोडवरून, लिंकवरून किंवा फोन नंबरवरून पैसे देऊ नका. संस्थेचा पत्ता नि फोन सरकारी नोंदीतून काढा, तिथे फोन करा आणि खाते क्रमांक त्यांच्या तोंडून घ्या.

परदेशातल्या भाच्याकडून पैसे मागतायत? तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड का असेना, तर संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगी घेण्याच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. "कुठल्याही खात्यात टाका, चालतं" म्हणणारी संस्था स्वतःलाही गोत्यात आणेल आणि भाच्यालाही.

हिशेब वाचा, तिथे सगळं असतं

हा माझ्या आवडीचा भाग, आणि लोक नेमका हाच सोडतात. संस्थेला वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ऑडिट करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. मार्चअखेर वर्ष संपत असेल तर सप्टेंबरअखेर, म्हणून सप्टेंबरात आमच्या ऑफिसात चहाला उसंत नसते. तुम्ही संस्थेकडे गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. मोठी रक्कम देणार असाल तर हे मागण्यात संकोच अजिबात नको.

आधी शेवटच्या पानावर सीएंची सही आणि खाली यूडीआयएन बघा. अठरा आकडी-अक्षरी क्रमांक असतो. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या पोर्टलवर तो टाकला की हा कागद खरंच त्या सीएने सही केला आहे का, हे कुणालाही बघता येतं. २०१९ पासून तो बंधनकारक आहे. स्कॅन करून चिकटवलेल्या सह्या इथे उघड्या पडतात.

मग परिशिष्ट नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. त्याचा नमुना कायद्यानेच ठरवून दिलेला आहे, त्यामुळे एकदा वाचायला जमलं की कुठल्याही ट्रस्टचं वाचता येतं. खर्चाच्या बाजूला आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, कायदेशीर खर्च, ऑडिट फी अशा ओळी असतात आणि खालच्या अंगाला "संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च". त्याचे पाच पोटभाग आहेत: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबीनिवारण आणि इतर धर्मादाय. दारातला माणूस शस्त्रक्रियांसाठी पैसे मागत असेल आणि वैद्यकीय मदतीच्या ओळीत तीन वर्षं आडवी रेघ असेल, तर पुढे वाचायची गरज नाही.

पगारांवरून मात्र घाईने बोलू नका. "माझा रुपयान् रुपया मुलांपर्यंत पोचला पाहिजे, पगारात जायला नको" असं देणगीदार म्हणतात तेव्हा मला वाद घालावासा वाटतो. शाळाबाह्य मुलांना शिकवणारी संस्था असेल तर शिक्षिकेचा पगार हाच तिचा मुलांवरचा खर्च. मला उलट आस्थापना खर्च शून्य दाखवणाऱ्या संस्थांची जास्त शंका येते. भाडं नाही, वीज नाही, कुणाला पगार नाही आणि लाखांचं काम? मग तो खर्च कुठल्या तरी दुसऱ्या ओळीत लपलेला असतो, बहुतेकदा "इतर धर्मादाय"मध्ये.

ताळेबंद, म्हणजे परिशिष्ट आठ, उजवीकडून वाचा. मालमत्तेच्या बाजूला "आगाऊ रकमा" असं सदर असतं: विश्वस्तांना, नोकरांना, कंत्राटदारांना, वकिलांना. विश्वस्तांना दिलेली आगाऊ रक्कम दरवर्षी तीच किंवा वाढत गेलेली दिसली, तर संस्थेचा पैसा विश्वस्त वापरतायत. रोख शिलकीच्या खालीही एक ओळ असते, "विश्वस्तांकडे". तिथे चार-पाच हजार असणं ठीक, गावाकडच्या संस्थेत थोडे जास्तही. मार्चअखेर लाखभर रुपये एखाद्या विश्वस्ताच्या घरात रोख पडून आहेत असं लिहिलं असेल, तर ते पैसे आहेत तरी का, असा प्रश्न आम्ही विचारतो. तुम्हीही विचारा.

ताळेबंदासोबत लेखापरीक्षकाचं प्रश्नोत्तरांचं पान असतं. नियम एकोणीसचं. ते सगळे गाळतात आणि मी आधी तेच उघडते. रोख आणि व्हाउचर ताब्यात होते का आणि जुळले का, उद्दिष्टाबाहेर पैसा वापरला का, विश्वस्तांपैकी कुणी संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, सभा नियमित होतात का, इतिवृत्त आहे का, असे प्रश्न त्यात असतात. साधी होय-नाही उत्तरं, पण लेखापरीक्षकाला तिथे खोटं लिहायला भीती वाटते. म्हणून तो "विश्वस्तांनी दिलेल्या माहितीनुसार" असं लिहून हात झटकतो. ते शब्द फार वेळा आले तर समजा, की त्यालाही खात्री नव्हती.

अनाथाश्रमाच्या नावाने मागतात तेव्हा

हे वेगळं लिहिते, कारण इथे आपलं मन आधी विरघळतं आणि डोकं नंतर चालतं. बालगृह कुणीही मनाला येईल तसं सुरू करू शकत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली त्याची वेगळी नोंदणी लागते, नुसतं ट्रस्टचं प्रमाणपत्र पुरत नाही. मूल तिथे ठेवायचा आदेश जिल्ह्याची बालकल्याण समिती देते. म्हणून विचारा, "मुलं समितीमार्फत येतात ना? नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे?" जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात फोन करून ताळा करता येतो.

आणि पत्रकावर मुलाचा चेहरा, नाव, "आई सोडून गेली, वडील दारुडे" अशी कहाणी छापलेली असेल तर? अशा मुलांची ओळख उघड करायला त्याच कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. नियम पाळणाऱ्या बालगृहाच्या पत्रकात मुलं पाठमोरी दिसतात किंवा चेहरे झाकलेले असतात. ज्या फोटोने तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं, तोच फोटो संस्थेविरुद्धचा पुरावा आहे.

जिथे संस्थाच नसते

गणपती, नवरात्र, जयंती यांची वर्गणी मागणारी मंडळं सगळीच नोंदलेली नसतात. नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते आणि ती हल्ली ऑनलाइन मिळते. ओळखीच्या पोरांकडे कुणी ती मागत नाही, मीही नाही. अनोळखी मंडळ पाच हजारांची पावती फाडून दमदाटी करत असेल तर मात्र जरूर मागा.

आजारी माणसासाठीचे मेसेज हा संस्थेचा विषय नाही, तिथे नोंदणी शोधत बसू नका. रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद मागा. मग रुग्णालयाच्या स्वागतकक्षाचा नंबर स्वतः शोधून रुग्ण खरंच दाखल आहे का विचारा, आणि पैसे रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर रुग्णालयाच्याच खात्यात भरा. रुग्णालय धर्मादाय असेल तर घरच्यांना हेही सांगा, की तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. समाजसेवा अधीक्षकांना भेटून तसा अर्ज करायचा. कधी कधी हा एक अर्ज आपल्या वर्गणीपेक्षा जास्त कामाला येतो.

शंका आली, पैसे गेले

ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. नोंदलेल्या संस्थेच्या कारभाराबद्दल शंका असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत पावतीची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. निरीक्षकाकडून चौकशी होऊ शकते. वेळ लागतो, पण "अफरातफर झाली" अशा मोघम अर्जापेक्षा "अमुक तारखेची, अमुक क्रमांकाची पावती हिशेबात दिसत नाही" असा अर्ज लवकर हलतो.

सगळं जुळलं आणि तुम्ही देणगी दिलीत, तर पावतीवर अनुक्रमांक, नोंदणी क्रमांक, पॅन, ८०जीचा क्रमांक आणि सही बघून ती जपून ठेवा. देताना तुमचंही पॅन संस्थेला द्या, कारण संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर विभागाला द्यावं लागतं आणि त्यावरून तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं. आजवर त्याला फॉर्म १०बीई म्हणत आलो. मे उलटून गेला आणि प्रमाणपत्र आलं नाही तर फोन करा. बहुतेक वेळा "मॅडम, टाकायचं राहिलं, सुधारित भरतो" असं उत्तर येतं आणि ते खरंच भरतात. फोनच उचलत नसतील तर पुढच्या वर्षीचे पैसे दुसऱ्या संस्थेसाठी ठेवा, आणि तिची तपासणी एप्रिलपासूनच सुरू करा. सप्टेंबरात मला वेळ नसतो.